सिमेंटच्या गोण्या कोणी मोजल्या?

पालघर जिल्ह्यात जव्हारच्या पुढे एक पाडा आहे. तिथल्या विहिरीचा कठडा आणि भोवतीचा ओटा पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, निधीतून बांधला गेला. काम संपल्यावर काही महिन्यांनी पाड्यावर बैठक बसली आणि बारावी झालेल्या एका मुलीने खर्चाचा तक्ता मोठ्याने वाचायला घेतला. रेती इतकी, खडी इतकी, सिमेंटच्या गोण्या ७०. हा आकडा ऐकताच मागे बसलेल्या एक आजी उभ्या राहिल्या. गोण्या २८ होत्या, असे त्यांनी सांगितले. कशावरून? रिकाम्या गोण्या पाड्यातल्या बायकांनी वाटून घेतल्या होत्या, मोहाची फुले साठवायला आणि पावसात डोक्यावरून घ्यायला. वाटणीवरून भांडण झाले होते, त्यामुळे कोणाच्या घरी किती गेल्या हे सगळ्यांच्या लक्षात होते. मुलीने तिथेच वहीत घरागणिक बेरीज मांडली. २८ भरली.

मी त्या बैठकीत होते. नंतर त्या कामाची फाइलही पाहायला मिळाली. फाइल अगदी नीट होती. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, शेवटी पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र. लेखापरीक्षणही झालेले होते. त्यात या कामाबद्दल एकच शक, म्हणजे लेखापरीक्षकाची लेखी हरकत, काढला होता: एका पावतीवर महसूल तिकीट लावलेले नाही.

त्या लेखापरीक्षकाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तालुक्याच्या गावी एका खोलीत बसून मोजक्या दिवसांत अनेक ग्रामपंचायतींची दफ्तरे पाहायची, हे त्याचे काम. समोर आलेल्या कागदात जे दिसले ते त्याने लिहिले. विहिरीपाशी तो गेला नव्हता, आणि गेला असता तरी पक्क्या झालेल्या ओट्यात किती सिमेंट आहे हे त्याला डोळ्यांनी कसे कळणार? ते कळले होते फक्त गोण्या वाटून घेणाऱ्या बायकांना. आणि त्यांना विचारण्याची जागा आपल्या लेखापरीक्षणाच्या पद्धतीत कुठेच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागात, ही जागा पेसा कायद्याने १९९६मध्येच ठरवून दिलेली आहे, आणि आपण ती वापरत नाही.

या पैशाचे स्वरूप आधी लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत पाचव्या अनुसूचीखालचे क्षेत्र पसरलेले आहे. पालघर-ठाण्यापासून नाशिक, नंदुरबार, धुळ्यापर्यंत, आणि मेळघाटापासून थेट गडचिरोलीपर्यंत. या भागाकडे येणारा पैसा सरकारच्या मर्जीवर सोडलेला नाही. संविधानाच्या अनुच्छेद २७५(१)च्या पहिल्याच परंतुकात म्हटले आहे की अनुसूचित जमातींचे कल्याण आणि अनुसूचित क्षेत्राच्या प्रशासनाचा दर्जा उंचावणे यासाठी केंद्राने राज्यांना अनुदान द्यावे. राज्याच्या पातळीवर सुखठणकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४पासून योजना खर्चातला ९ टक्के वाटा आदिवासी उपयोजनेकडे, म्हणजे आदिवासींसाठी वेगळ्या काढलेल्या निधीकडे, वळवायचे धोरण आले. २०११च्या जनगणनेत राज्यातल्या आदिवासींचे प्रमाण ९.३५ टक्के आहे, म्हणजे हा वाटा लोकसंख्येला धरून आहे. पुढे २०१४मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून या उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट गावांकडे जावा असे ठरवले आणि २०१५पासून तो अबंध निधी म्हणून येऊ लागला. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि जंगल व पाणी जपणे, असे त्याचे चार विषय. गावाने ठरवायचे आणि गावाने खर्च करायचा. याशिवाय वित्त आयोगाचा पैसा, ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा योजना, रोजगार हमी, घरकुले हे सगळे वेगळेच.

म्हणजे या गावांच्या नावावर येणारा पैसा बराच आहे, आणि त्यातला बहुतेक बाहेरून येतो. घरपट्टी-पाणीपट्टीचे उत्पन्न अगदी किरकोळ. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. मी स्वतः भरलेल्या पट्टीचे काय झाले हे मी चिडून विचारीन. वरून आलेल्या पैशाबद्दल मात्र माणूस दबून असतो. कोणी दिले, किती दिले, कशासाठी दिले हेच माहीत नसते, मग उरले किती हे कोण विचारणार? ‘सरकारने दिले’ असे म्हटले की हिशेब मागणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. मी अशा बैठका पाहिल्या आहेत जिथे प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला त्याच्याच काकाने खाली बसवले, कारण ‘पुढच्या वर्षी देणार नाहीत’. अनुदानावर चालणाऱ्या प्रदेशात लेखापरीक्षण जास्त मजबूत हवे ते याच कारणाने. कर भरणाऱ्याचा जो नैसर्गिक धाक असतो, तो तिथे नसतो.

आता लेखापरीक्षणाची साखळी पाहा. ग्रामपंचायतीचे हिशेब स्थानिक निधी लेखा परीक्षा विभाग तपासतो. त्याचा मूळ कायदा १९३०चा. ११व्या वित्त आयोगाने पंचायतींच्या लेखापरीक्षणावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांची देखरेख असावी असे सुचवले, त्यातून तांत्रिक मार्गदर्शनाची व्यवस्था आली. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांसाठी महालेखापरीक्षकांच्या १९७१च्या कायद्यात कलम १४ आहे. पण अनुदान किंवा कर्ज २५ लाखांपेक्षा कमी नसावे आणि ते एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांपेक्षाही कमी नसावे, तेव्हा ते लागू होते. पाड्यावरच्या ओट्यापर्यंत ही नजर पोचणे अवघडच. निघालेले शक अनुपालनासाठी गटविकास अधिकाऱ्याकडे जातात, मोठी प्रकरणे विधिमंडळाच्या पंचायत राज समितीपुढे येतात. समितीचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत रात्री जागून दफ्तर लावले जाते, हे ज्यांनी तिथे नोकरी केली आहे त्यांना चांगले ठाऊक आहे. एप्रिल २०२०पासून ई-ग्रामस्वराज आणि ऑडिट-ऑनलाइन ही पोर्टले आली. १५व्या वित्त आयोगाने तर लेखापरीक्षण झालेले हिशेब ऑनलाइन असल्याशिवाय अनुदानच मिळणार नाही अशी अट घातली. अट योग्य आहे. पण या सगळ्या साखळीत कागद कुठून कुठे जातो ते बघा: ग्रामपंचायतीकडून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीच्या सर्व्हरवर. गावाकडे परत काही येत नाही. ज्या पाड्याच्या नावाने शक निघाला, त्या पाड्याला तो निघाल्याचे कळतही नाही.

आणि तरीही २४ डिसेंबर १९९६ला अमलात आलेल्या पेसा कायद्याच्या कलम ४मध्ये स्पष्ट लिहिले आहे की गावपातळीवरच्या पंचायतीने योजना आणि कामांवर केलेल्या निधीच्या वापराचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घेतले पाहिजे. ‘घेता येईल’ असे नाही. घेणे बंधनकारक आहे. शिवाय इथली ग्रामसभा म्हणजे चार-पाच गावांच्या गट ग्रामपंचायतीची एकत्र सभा नव्हे. जी वस्ती किंवा पाडा आपले व्यवहार आपल्या रीतीने चालवतो, ते या कायद्यानुसार गाव, आणि त्याची वेगळी ग्रामसभा. महाराष्ट्राने ४ मार्च २०१४ला केलेल्या नियमांनी अशा ग्रामसभेला स्वतःचा कोशही दिला.

प्रत्यक्षात ते प्रमाणपत्र कसे मिळते? बहुतेक वेळा प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, एक ओळ असते: ‘मागील वर्षीच्या जमाखर्चास सर्वानुमते मंजुरी.’ खाली सह्या आणि अंगठे. कितीदा तर हे अंगठे हजेरीचे असतात आणि वरचा मजकूर मागाहून भरला जातो. पैसे ऑनलाइन निघतात ते सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने. अनेक ठिकाणी आदिवासी महिला सरपंचांच्या सहीची ती किल्ली दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशात असते. महिला सरपंच निवडून आणण्याचे श्रेय आपण घेतो आणि तिच्या नावाने किती पैसे निघाले याचा साधा एसएमएसदेखील तिला वाचून दाखवत नाही. उद्या चौकशी लागली तर नाव तिचेच येणार. मला या सगळ्या प्रकारातली ही गोष्ट सर्वांत जास्त डाचते.

गावासमोर हिशेब वाचण्याची कल्पना काही नवी नाही. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे डिसेंबर १९९४मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. विकासकामांची बिले आणि हजेरीपट लोकांसमोर वाचले गेले, आणि ज्यांची नावे होती तेच लोक उठून सांगू लागले की आम्ही या कामावर गेलोच नाही. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्या चळवळीतली. त्यातून माहितीचा अधिकार उभा राहिला. २००५च्या रोजगार हमी कायद्यात कलम १७ने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच हिशेब तपासणे, सक्तीचे झाले, आणि २०११चे त्याचे नियम महालेखापरीक्षकांशी विचारविनिमय करून केले गेले. म्हणजे देशातल्या सर्वोच्च लेखापरीक्षकाच्या संस्थेनेही गावाची साक्ष हा हिशेबाचा भाग आहे हे मान्य केले. ईशान्येतल्या आदिवासी भागांसाठीच्या सहाव्या अनुसूचीखालच्या मेघालयाने २०१७मध्ये सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, असे करणारे ते पहिले राज्य. रोजगार हमीची कल्पना देशाला देणाऱ्या महाराष्ट्राने तिच्या अंकेक्षणात मागे का राहावे?

उलट आपल्याकडे काय झाले, ते न्या. गायकवाड समितीच्या अहवालात आहे. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातल्या योजनांची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून या समितीने केली आणि २०१७मध्ये अहवाल दिला. लाभार्थ्यांना द्यायच्या वस्तू, त्यांची खरेदी, त्यांचे वाटप यांतल्या गैरव्यवहारांची त्यात नोंद आहे. त्या काळात लेखापरीक्षण होत नव्हते असे नाही. खरेदीची बिले होती, पोच होती, लाभार्थ्यांच्या याद्या होत्या. पण वस्तू खरोखर कोणाच्या दारात उतरली हे गावात जाऊन विचारायला न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि तोवर आठ-दहा वर्षे उलटली होती. लाभार्थ्यांची यादी वर्षाच्या आत पाड्यावर वाचली असती, तर हे काम एका संध्याकाळचे होते.

आता दुसरी बाजू, आणि ती मी वरवर मांडणार नाही, कारण गावावर विसंबून सगळे सुटेल असे मला वाटत नाही. गावाला गोण्या दिसतात, पण एकाच रस्त्याचे बिल ठक्कर बाप्पा योजनेतूनही निघाले आणि वित्त आयोगातूनही, हे गावाला दिसत नाही. रस्ता तर समोर आहे, मग हरकत कशाची घेणार? दोन वेगळ्या योजनांची दफ्तरे शेजारी ठेवून तपासणारा माणूसच हे पकडू शकतो. निधीवरचे व्याज कोणत्या खात्यात गेले, ३१ मार्चला घाईने काढलेली रक्कम कोणाच्या नावावर पडून आहे, जीएसटी भरलेला पुरवठादार खरा आहे का, हे ओळखण्यासाठी शिकलेला लेखापरीक्षक लागतो. शिवाय गाव म्हणजे एकदिलाची माणसे, हे खरे नाही. ठेकेदार सरपंचाचा भाचा असतो. ज्याच्याकडून पेरणीला उसने घ्यायचे त्याच्याविरुद्ध सभेत कोण उठणार? त्या आजी उठल्या, कारण त्या वयाने मोठ्या होत्या आणि त्यांचे कोणाकडे देणे नव्हते. त्यांच्या शेजारी बसलेल्या सुनेला तोच आकडा माहीत होता. ती गप्प राहिली.

म्हणून मला दोन्ही हवे आहेत, आणि एकमेकांना जोडलेले हवे आहेत. लेखापरीक्षकाने दफ्तर तपासण्याआधी पाड्यावर वाचन व्हावे. तिथे निघालेली प्रत्येक हरकत त्याच्या टेबलावर लेखी यावी, आणि तिला त्याने शकाचा दर्जा द्यावा. त्याचा अहवाल आल्यावर तो पुन्हा पाड्यावर वाचला जावा. आजींच्या २८ गोण्या त्याच्या हातात असत्या तर तो मोजमाप पुस्तिका उघडून विचारू शकला असता की ७० गोण्यांची पावती कोणत्या दुकानाची. आज त्याच्याकडे पावती आहे आणि प्रश्न नाही. गावाकडे प्रश्न आहे आणि पावती नाही.

‘या लोकांना हिशेब कळतो का?’ हा आक्षेप मी सुशिक्षित माणसांकडून इतक्यांदा ऐकला आहे की त्याला उत्तर देणे भाग आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव बघावे. पाचशेच्या आसपास वस्ती, गोंड समाज. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे वाक्य त्या गावाने नुसते भिंतीवर लिहिले नाही. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले. त्यानंतर बांबूविक्रीचा मोठा व्यवहार या ग्रामसभेने स्वतः सांभाळला. हे जमले त्याचे कारण आधीची कित्येक वर्षे चाललेले अभ्यास गट. कायदा काय म्हणतो, पैसा कुठून येतो, यावर लोक बसून बोलत, कोणाला कळले नाही तर थांबत, आणि सर्वसहमती होईपर्यंत निर्णय घेत नसत. हिशेब न कळण्याचा प्रश्न असलाच तर तो भाषेचा आहे. ‘प्रशासकीय मान्यता’ हा शब्द मराठीच्या पदवीधरालाही चटकन समजत नाही. तोच तक्ता गोंडीत, कोरकूत, भिलीत, वारलीत सांगा. किती गोण्या, किती मजूर, किती दिवस, कोणाला पैसे दिले. बाजारात मोह विकताना आणि तेंदूची पुडकी मोजून देताना या बायका रोज आकडेमोडच करत असतात.

एक भीती मात्र खरी आहे. या भागात लेखापरीक्षणाचा उपयोग पैसा अडवून ठेवण्यासाठी फार सहज होतो. ‘मागचे उपयोगिता प्रमाणपत्र आले नाही’ म्हणून पुढचा हप्ता थांबतो, आणि प्रमाणपत्र न येण्याचे कारण बहुतेकदा पाडा नसतो. ग्रामसेवकाचे पद रिकामे असते, किंवा अभियंत्याने मोजमाप पुस्तिका भरलेली नसते. चूक एकाची आणि तहान दुसऱ्याची. म्हणून ज्या कामावर वाद आहे त्याच कामाची रक्कम थांबवावी आणि बाकीचा हप्ता वेळेवर सोडावा. वसुली निघाली तर ती ज्याने मोजमाप लिहिले आणि ज्याने बिल काढले त्याच्याकडून व्हावी. पाड्याच्या पुढच्या वर्षाच्या वाट्यातून ती कापून घेणे हा उघड अन्याय आहे, आणि तो थांबवायला नवा कायदाही लागत नाही, एक शासन निर्णय पुरेल.

तसेच पैशाचेही बोलले पाहिजे. पाड्यावर तक्ता वाचणाऱ्या त्या मुलीला कोणी काही दिले नव्हते. तिने दोन दिवस नकला उतरवल्या, तालुक्याला एसटीने दोन खेपा घातल्या, झेरॉक्सचे पैसे स्वतः भरले. प्रत्येक पाड्यावर अशा दोघी-तिघी तरुणींना वर्षातून आठ दिवसांची मजुरी द्या, नकला फुकट द्या, आणि त्यांच्यावर दबाव आला तर तक्रार तालुक्याऐवजी थेट आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात नोंदवण्याची सोय करा. राज्यपाल अनुसूचित क्षेत्राच्या प्रशासनाबद्दल राष्ट्रपतींना दरवर्षी अहवाल देतात. पाचव्या अनुसूचीतच तशी तरतूद आहे. त्या अहवालात एक तक्ता असा असावा की किती ग्रामसभांनी निधीच्या वापराचे प्रमाणपत्र खरोखर वाचन करून दिले, किती ठिकाणी नाकारले, आणि नाकारल्यानंतर काय झाले. प्रमाणपत्र नाकारणारी ग्रामसभा ही प्रशासनाला अडचण वाटते. मला ती व्यवस्था चालू असल्याची खूण वाटते.

विहिरीच्या ओट्याचे प्रकरण अजून मिटलेले नाही. हरकत प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायलाच आधी नकार मिळाला; मुलींनी हट्ट धरला तेव्हा ती शेवटच्या पानावर घेतली गेली, घरागणिक आकड्यांसह. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या ग्रामसभेच्या तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात तुमचे नाव मतदार यादीत असेल तर येत्या सभेत नमुना ५ची रोकड वही मागा, पहिल्या पानापासून वाचायला सांगा, आणि मागच्या रांगेतल्या बायकांना पुढे बसवा.